लॅपटॉप चार्ज होत नाही, किंवा चार्जिंगला लावला की मंदावतो: नवी बॅटरी घेण्यापूर्वी काय तपासावे

लक्षणे

खालीलपैकी एक किंवा अधिक गोष्टी आढळत असतील, तर पुढील तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात.

१. अडॅप्टर जोडल्याचे चिन्ह दिसते, पण टक्केवारी वाढत नाही आणि ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असा संदेश येतो.
२. चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर येऊन थांबते आणि पुढे सरकतच नाही.
३. चार्जिंग मध्येच सुरू होते, मध्येच तुटते. वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच टिकते.
४. बॅटरी ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप कोणतीही सूचना न देता बंद पडतो.
५. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी तासाभरात संपते.
६. लॅपटॉप अडॅप्टरवर असतानाच कमालीचा संथ होतो आणि अडॅप्टर काढला की पुन्हा पळू लागतो.

पुण्यात, कोथरूडमध्ये घरच्याच एका खोलीत मी गेली कित्येक वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो. या सहा तक्रारी घेऊन येणारे बहुतेक जण ‘बॅटरी गेली, नवी टाकून द्या’ असे निदान घरूनच करून येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना मी बॅटरी न बदलता परत पाठवले आहे, कारण दोष स्विचबोर्डात, वायरीत, अडॅप्टरच्या पिनेत किंवा निव्वळ एखाद्या सेटिंगमध्ये होता. बॅटरी हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. ती तपासायची ती सर्वांत शेवटी, कारण तिला काही हजार रुपये पडतात आणि आधीच्या बहुतेक तपासण्या फुकट होतात.

सर्वांआधी फुगवटा पाहावा

एक तपासणी मात्र क्रमाच्या बाहेर, कोणतीही वायर जोडण्यापूर्वी करावी. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा आणि चारही कोपरे बोटाने दाबून पाहावेत. पूर्वी स्थिर बसणारा लॅपटॉप आता डुगडुगत असेल, टचपॅड एका बाजूने वर आला असेल, त्याची क्लिक बसत नसेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. लिथियम-आयन सेलमधील रसायनांचे विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाऊचच्या आत कोंडून राहतो. त्यामुळे हा फुगवटा येतो. अशी बॅटरी टोचणे, दाबून बसवणे किंवा ‘आजच्यापुरते’ म्हणून चार्ज करणे यांपैकी काहीही करू नये, कारण आतले थर एकमेकांना टेकले तर ती पेटू शकते. फुगवटा दिसला की पुढचे काहीही वाचण्याची गरज नाही. लॅपटॉप बंद ठेवावा, गादी, पडदे आणि कागदांपासून दूर फरशीवर ठेवावा आणि व्यावसायिकाकडून बॅटरी काढून घ्यावी.

चार्जिंगची मर्यादा: दोन मिनिटांचे काम

दुसऱ्या क्रमांकाच्या लक्षणात बहुधा काहीही बिघडलेले नसते. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) साधारण ४.२ व्होल्ट असतो, आणि या कमाल दाबावर, त्यातही उष्णतेत, तो दिवसेंदिवस राहिला तर लवकर थकतो. म्हणून सततच अडॅप्टरवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी कंपन्यांनी चार्जिंग आधीच थांबवण्याची सोय दिली आहे. लेनोव्होच्या ‘व्हॅन्टेज’ अॅपमध्ये तिला ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ म्हणतात, आसूसच्या ‘मायआसूस’ अॅपच्या काही आवृत्त्यांत ६०, ८० आणि १०० असे पर्याय मिळतात, डेल आणि एचपीच्या अनेक मॉडेलांमध्ये ही सोय बायोसमध्येही (विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) असते, तर मॅकबुक आपल्या सवयी ओळखून स्वतःच ८० टक्क्यांवर थांबू शकतो. घरच्या कोणीतरी, किंवा ऑफिसच्या आयटी विभागाने, ही सोय सुरू करून ठेवलेली असते आणि वापरणाऱ्याला तिचा पत्ता नसतो. हिंजवडीतल्या कंपन्यांनी दिलेले लॅपटॉप तर सरसकट डॉकवर, म्हणजे सतत वीज देणाऱ्या जोडणीपेटीवर, असतात. तेथे ही मर्यादा हितकारकच आहे, ती उठवू नये.

बॅटरी ९६–९७ टक्क्यांवर असताना अडॅप्टर लावला आणि चार्जिंग सुरू झाले नाही, तर तेही नेहमीचेच आहे. अनेक लॅपटॉप बॅटरी ९५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय पुन्हा चार्जिंग सुरू करत नाहीत, म्हणजे थोड्या थोड्या चार्जिंगने सेल झिजत नाहीत.

भिंतीपासून सुरुवात

त्यानंतर अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डावरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा. हे सांगताना मलाही ओशाळल्यासारखे होते, पण सदाशिव आणि नारायण पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोल्या पाहिल्या तर कारण कळेल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार मुले, एक स्विचबोर्ड, त्यावर एक एक्स्टेंशन, त्या एक्स्टेंशनवर दुसरे एक्स्टेंशन आणि त्यावर इस्त्रीपासून लॅपटॉपपर्यंत सर्व काही, अशी मांडणी तेथे सर्रास दिसते. सैल झालेल्या सॉकेटमध्ये पिन नीट टेकत नाही, बारीक ठिणग्या पडतात, अडॅप्टर क्षणाक्षणाला बंद-चालू होतो आणि लॅपटॉप चार्जिंग सुरू होऊन तुटत असल्याचे दाखवतो. सॉकेटवर काळपट डाग असेल किंवा पिन उपसताना ती गरम लागत असेल, तर लॅपटॉपवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवावे.

अर्थिंगही येथेच पाहावे. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवरून बोट फिरवताना झिणझिण्या येत असतील, किंवा चार्जिंगला लावल्यावर टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारत असेल, तर बहुधा सॉकेटला अर्थिंग नसते किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावलेला असतो. जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये हे हमखास आढळते. अडॅप्टरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमधून येणारा अत्यल्प प्रवाह एरवी अर्थिंगमधून निघून जातो. ती वाट नसली की तो लॅपटॉपच्या अंगावर येऊन बसतो. यामुळे चार्जिंग सहसा थांबत नाही, पण टचपॅड बिघडला असे समजून लोक उगाच खर्च करतात.

गुरुवारी महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते तेव्हा, किंवा मे महिन्यात वळिवाच्या पावसाआधी विजा कडाडू लागतात तेव्हा, अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवावा. वीज परत येतानाचा झटका अडॅप्टरच्या आतल्या भागांना सोसत नाही, आणि माझ्याकडे मेलेले अडॅप्टर सर्वाधिक येतात ते याच दिवसांत.

अडॅप्टर आणि वायर: बहुतेक दोष येथेच सापडतात

अडॅप्टरच्या ठोकळ्याला भिंतीकडून येणारी तीन भोकांची वायर, जिला बाजारात ‘मिकी माऊस’ वायर म्हणतात, ती सुटी निघते. ती पूर्ण काढून पुन्हा घट्ट बसवावी. शक्य असल्यास दुसरी वायर लावून पाहावी. ती काहीशे रुपयांच्या आत मिळते. त्यानंतर ठोकळ्यावरचा आउटपुट वाचावा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट, १९.५ व्होल्ट आणि ४.६२ अँपिअर म्हणजे ९० वॉट. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॉट मिळतात. लॅपटॉपच्या तळाशी किंवा मूळ अडॅप्टरवर लिहिलेल्या वॉटपेक्षा कमी वॉटचा अडॅप्टर लावला, तर तो चार्ज करेलच असे नाही, केला तरी रखडत करेल. जास्त वॉटचा लावण्यात धोका नाही, मात्र व्होल्ट तेच असले पाहिजेत.

टाइप-सी लॅपटॉपबाबत गोंधळ आणखी वाढतो, कारण मोबाइलचा चार्जर त्यात सहज शिरतो. मात्र बहुतेक लॅपटॉपना २० व्होल्ट लागतात आणि मोबाइलचे अनेक चार्जर ९ व्होल्टच्या पुढे जात नाहीत. पूर्ण क्षमतेचा चार्जर असला तरी केबल आड येते: साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंतच वाहते, त्याहून अधिकासाठी ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. शिवाय दोन टाइप-सी पोर्ट असलेल्या काही लॅपटॉपमध्ये एकच पोर्ट चार्जिंग स्वीकारते, तेव्हा दुसऱ्यातही लावून पाहावे. पोर्टमध्ये खिशातला किंवा बॅगेतला गाळ बसला असेल तर लॅपटॉप बंद करून, अडॅप्टर काढून, लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढावा. सुई किंवा टाचणी कधीही घालू नये.

आता सहाव्या लक्षणाकडे येतो. हे लक्षण चार्जिंगचे आहे असे कोणालाच वाटत नाही, म्हणून त्यावर सर्वाधिक पैसे वाया जातात. काही महिन्यांपूर्वी एका अभ्यासिकेतला विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. लॅपटॉप दोनदा फॉरमॅट करून झाला होता, रॅम वाढवून झाली होती, एका दुकानाने नवी एसएसडीही बसवली होती, आणि तरीही पीडीएफचे पान उलटायला दोन-तीन सेकंद लागत होते. मी टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूचा वेग पाहिला. तो ०.७९ गिगाहर्ट्झवर खिळलेला होता, काहीही उघडले तरी तसूभर हलत नव्हता. अडॅप्टरची पिन उपसली, तसा आकडा एका क्षणात अडीचच्या वर गेला. पिन पुन्हा लावली, पुन्हा ०.७९. त्या मुलाने हा प्रयोग स्वतःच्या हाताने चार वेळा करून पाहिला, मग खाली बसून नुसता हसत राहिला.

यामागची रचना समजून घेण्यासारखी आहे. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या अगदी मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज तिच्यातून येत नाही. ‘मी अमुक वॉटचा अडॅप्टर आहे’ एवढी ओळख तिच्यातून लॅपटॉपला मिळते. ही पिन वाकली, किंवा तिची केसासारखी तार वायरीच्या मानेशी तुटली, तर वीज येत राहते पण ओळख पोहोचत नाही. समोर किती ताकदीचा अडॅप्टर आहे हे न कळल्याने लॅपटॉप सावध होतो, बॅटरी चार्ज करणे थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग किमान पातळीवर आणून ठेवतो. चालू करताना अडॅप्टर ओळखता येत नसल्याचा संदेश क्षणभर येतो, तो बहुतेक जण न वाचता एंटर दाबून घालवतात. येथे फॉरमॅट करून काहीही साधत नाही. ही वेगमर्यादा सॉफ्टवेअरने उठवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या मी कधीही वापरत नाही, कारण प्रोसेसर तापल्याचा इशाराही काही वेळा त्याच मार्गाने येतो आणि तोही मग बंद होतो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच वॉटचा दुसऱ्या कोणाचा तरी चालू अडॅप्टर अर्धा तास लावून पाहणे. मल्टिमीटरवर अवलंबून राहू नये. थकलेला अडॅप्टर मोकळा असताना १९ व्होल्ट व्यवस्थित दाखवतो आणि भार पडताच कोसळतो. मीटर मात्र तो उत्तम असल्याचे सांगतो. मीही पूर्वी मीटरवर विसंबून चांगल्या बॅटऱ्या बदलल्या आहेत. नवा अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा.

पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे

लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज एक छोटा नियंत्रक असतो, जो लॅपटॉप बंद असतानाही जागा राहून बॅटरी, पंखा आणि पॉवर बटण सांभाळतो. वीज वारंवार गेल्या-आल्याने तो कधीकधी अडकून बसतो आणि चार्जिंगची परवानगीच देत नाही. लॅपटॉप बंद करावा, अडॅप्टर काढावा, बॅटरी सुटी निघणारी असेल तर तीही काढावी, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरावे. मग फक्त अडॅप्टर जोडून सुरू करावे. काही मॉडेलांच्या तळाशी यासाठी बारीक छिद्र असते, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप घालून आतले बटण दाबता येते.

बॅटरीचा अहवाल

आता बॅटरीची पाळी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असे टंकून एंटर दाबावे. अहवालाची फाइल कोठे ठेवली ते तेथेच दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडावी. त्यातल्या दोनच ओळी महत्त्वाच्या आहेत, ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’. अलीकडेच पाहिलेल्या एका लॅपटॉपमध्ये पहिला आकडा ४२,००० मिलीवॉट-तास आणि दुसरा २३,५०० होता, म्हणजे बॅटरीत मूळच्या ५६ टक्केच जीव उरला होता. वाचन-लेखनाला ८ वॉट लागतात असे धरले, तर नवेपणी जी बॅटरी सव्वापाच तास चालत होती ती आता तीन तासही चालणार नाही. हा दोष नव्हे, वय आहे. मॅकबुकमध्ये हीच माहिती सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या विभागात मिळते.

त्याच अहवालात ‘सायकल काउंट’ असतो. चार्जर किती वेळा लावला याची ती मोजणी नव्हे; आज अर्धी बॅटरी वापरली आणि उद्या अर्धी, तर दोन दिवसांची मिळून एक सायकल होते.

३० टक्क्यांवर अचानक बंद पडण्याची कारणे दोन असू शकतात आणि त्यांतला फरक ओळखणे आवश्यक आहे. पहिले, मापनच चुकलेले असते: टक्केवारी ही प्रत्यक्ष मोजलेली नसून बॅटरीतल्या चिपने काढलेला अंदाज असतो, आणि महिनोन्महिने अडॅप्टरवरच राहिलेल्या लॅपटॉपमध्ये तो अंदाज भरकटतो. यासाठी १०० टक्के चार्ज करून दोन तास तसेच ठेवावे, मग अडॅप्टर काढून लॅपटॉप आपणहून हायबरनेट होईपर्यंत (उघडे काम जतन करून बंद होईपर्यंत) साधे काम करावे, काही तास थांबावे आणि सलग १०० टक्क्यांपर्यंत भरावे. दुसरे कारण म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या तीन किंवा चार सेलपैकी एक दुबळा झालेला असतो. त्याचा दाब आधी घसरतो आणि संरक्षक सर्किट इतरांत जीव असूनही पुरवठा तोडते. वरील प्रक्रिया एकदा करूनही लॅपटॉप तसाच पडत असेल, तर दुसरे कारण आहे असे समजून बॅटरी बदलावी. ही प्रक्रिया दर आठवड्याला करण्याचा सल्ला काही जण देतात, तो चुकीचा आहे. वारंवार पूर्ण उतरवल्याने बॅटरी लवकर झिजते.

उष्णता

लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच चार्ज करायचे असतात, आणि ती मर्यादा ओलांडू नये म्हणून लॅपटॉप चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो. एप्रिल-मे महिन्यांत, वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवेची जाळी चादरीने झाकली गेली की हे तापमान सहज गाठले जाते. दुपारी चार्ज न होणारा लॅपटॉप रात्री अकरा वाजता निमूट चार्ज होत असेल, तर दोष यातच आहे. टेबलावर ठेवून, पंखा लावून पुन्हा पाहावे. दोन-तीन वर्षांत एकदा पंख्यातली धूळ साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. उष्णतेने मंदावलेला वेगही त्याने परत येतो.

हात कोठे आवरावा

वायर हलवली की चार्जिंग तुटते आणि दुसऱ्या अडॅप्टरनेही तेच होते, तर लॅपटॉपचा जॅक सैल झाला आहे. काही मॉडेलांत तो छोट्या वायरीवर सुटा असतो आणि स्वस्तात बदलतो. काहींत मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो. दोन्ही बाबतींत हे काम घरी करू नये. सैल जॅकमध्ये चापून चार्ज करत राहिल्यास तो तापतो आणि बोर्डावरचे पट्टे जाळतो, आणि काहीशे रुपयांचे काम काही हजारांवर जाते.

चालू अडॅप्टर, ठीकठाक जॅक आणि नवी बॅटरी असूनही चार्जिंग होत नसेल, चहा किंवा पावसाचे पाणी आत गेले असेल, जळका वास आला असेल किंवा अडॅप्टर लावताच त्याचा दिवा विझत असेल, तर दोष मदरबोर्डावरच्या चार्जिंगच्या चिपमध्ये किंवा तिच्या आसपासच्या मॉसफेटमध्ये (वीजप्रवाह चालू-बंद करणाऱ्या छोट्या भागांमध्ये) बहुधा असतो. हे ‘चिप-लेव्हल’ काम आहे. त्याला सूक्ष्मदर्शक, गरम हवेचे यंत्र आणि सरावलेला हात लागतो. वॉरंटी शिल्लक असेल तर एकही स्क्रू न उघडता अधिकृत सेवा केंद्रात जावे. बाहेर द्यायचा असेल तर आधी डेटाची प्रत काढावी, अंदाजे खर्च लिहून घ्यावा आणि बदललेला जुना भाग परत मागावा.

बॅटरीच बदलायची ठरली, तर तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात किंवा अन्यत्र जाताना जुनी बॅटरी, ती फुगलेली नसेल तर, सोबत न्यावी, म्हणजे पार्ट नंबर, व्होल्ट, कनेक्टर आणि स्क्रूंच्या जागा समोरासमोर जुळवता येतात. त्याच आकाराच्या बॅटरीवर मूळच्या दीडपट वॉट-तास छापलेले असतील, तर ती घेऊ नये. बसवल्यावर तेथेच वर सांगितलेला अहवाल काढून डिझाइन कपॅसिटी पाहावी, आणि आठवडाभराने पुन्हा एकदा काढावा.

काढलेल्या बॅटरीच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावून ती दुकानदाराकडेच द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी देणे ही वापरणाऱ्याचीच जबाबदारी आहे. सुक्या कचऱ्याच्या डब्यात ती टाकू नये, कारण सकाळी दारावर येणारी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची कचरावेचक तो कचरा हाताने निवडते.